तसबिरीची मागची बाजू

सन २०१३ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मेन ह्या राज्यात एका लिलावात पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक लहानसे छायाचित्र विकले गेले. त्याचा आकार आपल्या खेळावयाच्या पत्त्यांपैकी एखाद्या पानाहून फारसा मोठा नव्हता. ब्रुकलिन शहरातील ‘अटलांटिक’ नावाच्या बेसबॉल संघाचे नऊ गडी व त्यांचा व्यवस्थापक, अशी दहा माणसे त्यात दिसतात. चित्र १८६५ सालचे आहे. ज्याने ते विकावयास आणले, त्यास ते जुन्या सामानाच्या विक्रीत घेतलेल्या एका चित्रसंग्रहात सापडले होते. लिलावात त्याचे ९२,००० डॉलर आले.

अशी वार्ता वाचली म्हणजे किंमत आपल्या ध्यानात राहते, फार तर संघाचे नाव राहते. परंतु ज्याने ह्या दहा माणसांस एका काचेसमोर निश्चल बसवून त्यांचे रूप दीडशे वर्षे टिकेल असे केले, त्या चार्ल्स विल्यमसन नामक ब्रुकलिनच्या छायाचित्रकाराचे नाव कितीजणांच्या ध्यानात राहते? विल्यमसन मोठा व्यवहारी मनुष्य होता. त्याने ह्या संघाचे चित्र त्याच वर्षी सरकारदरबारी आपल्या हक्कासाठी नोंदवले, आणि त्यामुळेच त्याची एक प्रत वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयात आजही सुरक्षित आहे. बहुतेकांनी एवढी खबरदारी घेतली नाही. चित्रे राहिली व काढणाऱ्यांची नावे पुसली गेली.

ह्या लेखात अशाच काही छायाचित्रकारांची, व त्यांची नावे मोठ्या चिकाटीने शोधून काढणाऱ्या संग्राहकांची हकीकत सांगण्याचा आमचा विचार आहे. हा शोध केवळ कृतज्ञतेपोटी चालतो असे मात्र कोणी समजू नये. चित्र कोणी काढले हे कळले, तर ते कोठे व केव्हा काढले ह्याचा माग लागतो. आणि हा माग लागला नाही, तर चित्रातील मनुष्य खरोखर तोच आहे काय, ह्याचीही खात्री देता येत नाही. मग एखाद्या अनोळखी तरुणाचे चित्र नामांकित वीराचे म्हणून विकले जाते, आणि तो तरुण आपले नाव कायमचे हरवून बसतो.

आमच्या विद्यार्थी वाचकांपैकी बहुतेकांस बेसबॉल हा खेळ केवळ ऐकून ठाऊक असेल, म्हणून त्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा खेळ क्रिकेटचा भाऊबंदच आहे. चेंडू, बॅट व धावा ह्या तिन्ही गोष्टी दोहोंकडे आहेत. बेसबॉलच्या मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांस चार ठाणी असतात; ठाण्यास ‘बेस’ म्हणतात. चेंडू फटकावून खेळाडू पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यास शिवून मूळ जागी सुखरूप परतला, म्हणजे एक धाव होते. वाटेत प्रतिपक्षाने चेंडूसह त्यास गाठले की तो बाद. ठाण्याशी येताना गडी पुष्कळदा जमिनीवर अंग टाकून घसरत जातो. ह्या घसरण्याचा उल्लेख पुढे यावयाचा आहे, तो ध्यानात ठेवावा. दोन्ही खेळांचे नाते माणसांतही दिसते. १८६९ साली सिनसिनाटी शहरात उघडपणे पगार घेऊन खेळणाऱ्यांचा पहिला संघ ज्याने बांधला, तो हॅरी राइट इंग्लंडातील शेफील्ड गावी जन्मलेला असून प्रथम क्रिकेटचा धंदेवाईक खेळाडू होता.

आता १८६५ चे ते चित्र कसे काढले असेल, ते पाहू. त्या काळची रीत ‘ओल्या काचे’ची होती. १८५१ साली इंग्लंडात आर्चर ह्याने ती प्रसिद्ध केली. छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत काचेच्या पट्टीवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओती, ती पट्टी रुप्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवी, आणि ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घेई. काच वाळली की ती निरुपयोगी होई. म्हणून चित्र घेणे व ते धुऊन काढणे हा सारा खटाटोप काही मिनिटांत उरकावा लागे. शिवाय प्रकाशाचा परिणाम काचेवर होण्यास काही सेकंद जात. तेवढा वेळ समोरच्याने हलावयाचे नाही. मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार उभा करीत. धावणारा, चेंडू फेकणारा, उडी मारणारा मनुष्य अशा काचेवर एखाद्या धुरकट फटकाऱ्यासारखा उमटावयाचा. त्यामुळे त्या काळच्या बेसबॉलच्या चित्रांत खेळ असा दिसतच नाही. दिसतात ते गलमिशा राखलेले गृहस्थ. कोणी बॅट टेकून उभा आहे, कोणी मांडीवर हात ठेवून बसला आहे. सर्वांच्या मुद्रा अशा, की त्यांस खेळावयास नव्हे तर न्यायाधीशापुढे आणले असावे.

काचेवरील ह्या उलट चित्रावरून अंड्यातील पांढऱ्या द्रवाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर सुलट चित्र छापीत, व तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवीत. हा पुठ्ठा छायाचित्रकाराची जाहिरातच असे. खालच्या कडेस किंवा मागच्या बाजूस त्याचे नाव, रस्ता व शहर सुंदर अक्षरांत छापलेले असे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या तसबिरी आहेत, त्यांनी त्या चौकटीतून हलक्या हाताने काढून पाहिल्यास असेच एखादे नाव तेथे आढळण्याचा संभव आहे. संग्राहक चित्र हाती येताच प्रथम ते उलटे करतो ते ह्याचसाठी. त्या पत्त्यावरून तो त्या शहराच्या जुन्या रहिवासी-सूची चाळतो. अमुक छायाचित्रकाराचे दुकान अमुक रस्त्यावर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होते, हे कळले की चित्राचा काळ तेवढ्या वर्षांत बांधला जातो.

काही पुठ्ठ्यांच्या मागे ह्याहूनही नेमका पुरावा सापडतो. अमेरिकेतील यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी तेथील सरकारने १ सप्टेंबर १८६४ पासून छायाचित्रांवर कर बसवला. पंचवीस सेंटांपर्यंत किंमत असल्यास दोन सेंटांचे तिकीट, पन्नासपर्यंत तीन सेंटांचे व एक डॉलरपर्यंत पाच सेंटांचे, असे तिकीट चित्राच्या पाठीवर लावून विक्रेत्याने त्यावर आपली अक्षरे व तारीख घालावयाची असा नियम होता. १ ऑगस्ट १८६६ रोजी हा कर उठला. म्हणजे असे तिकीट मिळाले, की चित्र विकल्याचा काळ दोन वर्षांच्या आत येतो. तारीख वाचता आली तर दिवसही मिळतो. कर भरताना कुरकुर करणाऱ्या त्या दुकानदारांस आपण इतिहासाची केवढी सोय करीत आहोत ह्याची कल्पना नसेल.

१८८० नंतर कोरड्या काचेच्या पट्ट्या कारखान्यातून तयार मिळू लागल्या, त्या अधिक चपळही होत्या. तरीही छायाचित्रकार खेळाडूंस आपल्या दालनातच बोलवीत राहिले. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० ह्या काळात ‘ओल्ड जज’ नावाच्या सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलच्या पाचशेहून अधिक खेळाडूंची लहान लहान चित्रे घातली. ही खरी छायाचित्रे असून पुठ्ठ्याच्या चिमुकल्या तुकड्यांवर चिकटवलेली आहेत. त्यांतील पुष्कळ चित्रे न्यूयॉर्ककडील जोसेफ हॉल ह्याने काढली. ती पाहताना हसू आल्याखेरीज राहत नाही. मागे रंगवलेला पडदा आहे, पायाखाली दालनाची जमीन आहे, आणि गडी मोठ्या आवेशाने हवेतील चेंडू झेलीत आहे. नीट पाहावे, तर तो चेंडू छतापासून दोऱ्याने टांगलेला! कित्येक चित्रांत दोरा स्वच्छ दिसतो. खेळाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास मात्र हा दोरा उपयोगाचा आहे; कारण तो, तो पडदा व ती जमीन ह्यांवरून कोणते चित्र कोणाच्या दालनातील हे ठरवता येते. हॉलने मोठ्या आकारात घेतलेली संघांची चित्रेही आहेत, ती आज संग्राहकांत अतिशय मान्यता पावलेली आहेत.

दालनातील छायाचित्रकारांत कार्ल हॉर्नर ह्याचे नाव विसरून चालणार नाही. त्याचे दुकान बोस्टन येथे होते. बाहेरगावचे संघ बोस्टनला सामन्यासाठी आले, की त्यांतील गडी त्याच्याकडे जात, व तो साध्या पार्श्वभूमीवर त्यांचे छातीपर्यंतचे चित्र घेई. पिट्सबर्गचा होनस वॅग्नर ह्याचेही त्याने घेतले. पुढे अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटसोबत रंगीत चित्रांची जी प्रसिद्ध माला काढली, तीतील वॅग्नरचे चित्र हॉर्नरच्या ह्याच छायाचित्रावरून छापखान्यात रंगवून घेतले होते. वॅग्नरने ते थांबवावयास लावले. मुलांनी त्यासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून, असे कोणी म्हणतात. त्यास मोबदला हवा होता, असेही कोणी म्हणतात. फारच थोड्या प्रती बाहेर पडल्या. २०२२ साली त्यांपैकी एक साडेबाहत्तर लक्ष डॉलरांस गेली. त्या चिटोऱ्यावर वॅग्नरचे आडनाव आहे, गावाचे नाव आहे, पाठीवर सिगारेटची जाहिरात आहे; हॉर्नरचे नाव कोठेच नाही. आमच्या मते ह्या सबंध छंदाचे व्यंग दाखवण्यास एवढे एकच उदाहरण पुरे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वर्तमानपत्रांत छायाचित्रे सरसहा छापता येऊ लागली. त्यापूर्वी चित्रावरून लाकडी ठसा कोरून घ्यावा लागे. आता बारीक ठिपक्यांच्या योगाने चित्र जसेच्या तसे कागदावर उतरू लागले. त्याबरोबर छायाचित्रकाराचे गिऱ्हाईकही बदलले. पूर्वी तो चित्र खेळाडूस व त्याच्या चाहत्यांस विकी, आता संपादकास विकू लागला. जॉर्ज ग्रँथम बेन ह्याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे चित्रे पुरवणारी संस्था काढली. पॉल टॉमसन ह्यानेही तोच व्यवसाय केला. त्याची चित्रे तंबाखूच्या चित्रमालांसही उपयोगी पडली. ह्या दोघांच्या नावाचा शिक्का चित्रामागे दिसला म्हणून ते त्यांनी स्वहस्ते काढले असे मात्र समजू नये. शिक्का संस्थेचा असतो. तिच्या वतीने मैदानावर उन्हात उभा राहणारा नोकर बहुधा निनावीच राहिला. बेनच्या संग्रहाचा काही भाग १९०८ सालच्या आगीत नष्ट झाला. उरलेला, सुमारे चाळीस हजार काचांचा साठा, १९४८ साली काँग्रेसच्या ग्रंथालयाने विकत घेतला.

ह्या सर्वांत आम्हांस सर्वाधिक जवळचा वाटतो तो चार्ल्स कॉनलन. तो छायाचित्रकार नव्हताच! न्यूयॉर्कच्या ‘टेलिग्राम’ ह्या वर्तमानपत्रात तो मुद्रितशोधक होता. इतरांच्या लिखाणातील चुका दिवसभर शोधावयाच्या, आणि एकही चूक राहिली नाही तर कोणी आपले नावही घ्यावयाचे नाही, असा हा धंदा. ह्या वार्षिकाच्या मुद्रितांवर मान मोडणाऱ्यांस तो चांगला ठाऊक आहे. कॉनलनला छायाचित्रे काढण्याचा नाद होता. त्याच पत्राचा क्रीडासंपादक जॉन फॉस्टर ह्याने त्यास सुचवले, की रिकाम्या वेळी बेसबॉलच्या मैदानावर जाऊन चित्रे का घेत नाहीस? १९०४ साली त्याने आरंभ केला, आणि १९४२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, त्याचा हा क्रम चालू राहिला. एवढ्या काळात त्याने काढलेल्या चित्रांची संख्या तीस हजारांच्या घरात जाते असे म्हणतात.

त्याचा कॅमेरा ‘ग्राफ्लेक्स’ जातीचा होता. हे एक मोठे जड पेटाऱ्यासारखे यंत्र असे. वरच्या चामडी नळकांड्यात डोळे घालून आतील आरशावर समोरचे दृश्य पाहावयाचे आणि कळ दाबावयाची. पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेगाने उघडे व मिटे, त्यामुळे धावत्या माणसाचे चित्र घेणे शक्य झाले. परंतु एका वेळी एकच काच. कळ दाबली की काच बदलावयाची, आणि तोपर्यंत जे घडेल ते गेले. त्या वेळी छायाचित्रकारांस मैदानावरच, खेळाडूंपासून काही पावलांवर, उभे राहू देत असत.

१९१० साली न्यूयॉर्कच्या हिलटॉप मैदानावर डेट्रॉइटचा टाय कॉब हा विलक्षण चपळ व तितकाच निर्दय गडी दुसऱ्या ठाण्यावर होता. तिसऱ्या ठाण्याचे रक्षण न्यूयॉर्कचा जिमी ऑस्टिन करीत होता, आणि तो कॉनलनचा स्नेही होता. कॉनलन तिसऱ्या ठाण्यापासून जवळच कॅमेरा घेऊन उभा होता. पुढे काय झाले ते त्याने १९३७ साली ‘स्पोर्टिंग न्यूज’ ह्या साप्ताहिकात सांगितले आहे. ऑस्टिन पुढे सरकला, तोच कॉब धावत सुटला; ऑस्टिन मागे वळून ठाण्याशी येतो तो कॉबने अंग टाकले, धुळीचा लोट उठला, आणि ऑस्टिन तोंडावर आपटला. कॉनलनच्या मनात पहिला विचार आला तो आपल्या मित्रास इजा झाली काय, हा. ऑस्टिन धडपणे उठलेला पाहिल्यावर त्यास दुसरा विचार सुचला, की आपण चित्र घेतले काय? त्यास काही केल्या आठवेना. घेतले नसावे असेच त्यास वाटले, तरी असावे खबरदारी म्हणून त्याने काच बदलली. घरी जाऊन काचा धुतल्यावर पाहतो, तो सबंध प्रसंग काचेवर उमटलेला! कॉबचे दात आवळलेले आहेत, पाय ठाण्यावर येऊन थडकले आहेत, माती उडत आहे, ऑस्टिनचा तोल गेला आहे. बेसबॉलची जी चित्रे जगभर माहीत आहेत त्यांत ह्यास अग्रस्थान आहे, आणि ते काढणाऱ्याच्या बोटाने, मनास न विचारता, काढले.

ह्या एका चित्राच्या कीर्तीमुळे त्याचे खरे काम झाकले जाते, असे आम्हांस वाटते. कॉनलनने माणसांचे चेहरे टिपले. नामांकितांचे तर टिपलेच, पण एखादा हंगाम खेळून गावी परतलेल्यांचे व पंचांचेही टिपले. उन्हाने रापलेली कातडी, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, चुरगळलेल्या टोप्या, हे सर्व त्याच्या काचांवर स्पष्ट आहे. चेंडू टाकणारे निरनिराळ्या प्रकारच्या चेंडूंसाठी बोटे कशी धरतात, हे दाखवण्यासाठी त्याने नुसत्या हातांची चित्रे घेतली. कोणाचे बोट मोडून वेडेवाकडे सांधलेले आहे, कोणाचे नख फाटले आहे. त्या हातांवरून मनुष्य ओळखावा इतके ते बोलके आहेत.

त्याच्या काचांपैकी आज सुमारे आठ हजार निगेटिव्ह उरल्याचे सांगतात. ती पुढे ‘स्पोर्टिंग न्यूज’च्या ताब्यात गेली. कॉनलन १९४५ साली वारला. त्यानंतर कित्येक वर्षे त्याचे नाव थोड्याच लोकांस ठाऊक होते. नील मॅकेब व कॉन्स्टन्स मॅकेब ह्या भावाबहिणींनी मूळ काचांवरून चित्रे करून १९९३ साली त्याच्या कामाचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा लोकांस कळले, की जी शेकडो चित्रे आपण लहानपणापासून निरनिराळ्या ठिकाणी पाहत आलो ती सारी एकाच माणसाची आहेत. २०१६ साली त्याच्या सात हजारांहून अधिक निगेटिव्हांचा साठा लिलावात सतरा लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेला.

जेथे एवढा पैसा आला तेथे लबाडीही आली, हे सांगावयास नकोच. म्हणून खऱ्याखोट्याची पारख हे संग्राहकाचे मुख्य शास्त्र होऊन बसले आहे. त्याचे सर्व बारकावे येथे देण्याचे प्रयोजन नाही. पण काही गोष्टी आमच्या वाचकांस मौजेच्या वाटतील. साध्या भिंगातून पाहिले असता चित्रात ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापखान्यातील छाप आहे; खऱ्या छायाचित्रात छटा अखंड असतात. जुन्या चित्राच्या गडद भागांवर, विशेषतः कडेस, रुपे वर येऊन आरशासारखी झाक चढते, ती नकली चित्रावर आणणे कठीण. १९५० च्या सुमारापासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात काही द्रव्ये घालू लागले. असा कागद अंधारात जांभळ्यापलीकडील किरणांखाली निळसर चमकतो. १९१० सालचे म्हणून विकले जाणारे चित्र असे चमकले, म्हणजे विक्रेत्यास नमस्कार करून घरी यावे.

चित्राच्या पाठीवरील शिक्का येथेही कामास येतो. कॉनलनने निरनिराळ्या काळात निरनिराळे शिक्के वापरले, शिवाय खेळाडूचे नाव तो पुष्कळदा स्वतःच्या हस्ताक्षरात लिही. त्यामुळे त्याच्या चित्रांची पाठ वाचणे ही एक वेगळीच विद्या झाली आहे. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून आलेल्या चित्रांवर संपादकाच्या मेणपेन्सिलीच्या खुणा, पांढऱ्या रंगाचे फटकारे व डकवलेली कात्रणे असतात. पूर्वीचे लोक त्यास घाण समजून पुसून टाकीत. आज तीच घाण अस्सलपणाची साक्ष मानली जाते. उलट पाठ कोठे खरवडलेली दिसली तर शहाणा संग्राहक सावध होतो, कारण सार्वजनिक ग्रंथालयाचा शिक्का तेथे असू शकतो. बेसबॉलच्या व्यापारात गबर झालेला स्पॉल्डिंग ह्याचा मोठा संग्रह त्याच्या पत्नीने १९२१ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयास दिला होता. पुढे मोजदाद केली तेव्हा त्यांतील पुष्कळ जुनी छायाचित्रे नाहीशी झालेली आढळली. सर्वांच्या मालकीची वस्तू एकाच्या कपाटात गेली, म्हणजे ती केवळ चोरी नव्हे. तिच्यावरून होणारा अभ्यासही खुंटतो.

मार्शल फोगेल, हेन्री यी व खायबर ओसर ह्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकापासून संग्राहकांत चित्रांचे चार वर्ग मानण्याची पद्धत रूढ झाली. मूळ निगेटिव्हवरून, व चित्र घेतल्यापासून सुमारे दोन वर्षांच्या आत छापलेली प्रत ती पहिल्या वर्गाची. मूळ निगेटिव्हवरूनच पण मागाहून छापलेली ती दुसऱ्या. नकलेवरून, अथवा तारेने आलेल्या चित्रावरून, त्याच काळात केलेली ती तिसऱ्या, आणि नकलेची मागाहून केलेली ती चौथ्या. व्यापारास ही वर्गवारी सोयीची आहे. तथापि दोन वर्षांची ही रेघ मनुष्यानेच ओढलेली आहे; कॉनलनने स्वतः पाच वर्षांनी आपल्या अंधाऱ्या खोलीत काढलेली प्रत त्यामुळे दुय्यम ठरावी, हे आम्हांस तितकेसे पटत नाही. पहिल्या वर्गाच्या प्रतीस काय किंमत येते ह्याचा एक मासला : क्लीव्हलंडच्या फ्रँक स्मिथ ह्याने १९११ साली लुइझियानातील अलेक्झांड्रिया गावी ज्यो जॅक्सनचे चित्र घेतले होते, त्यावर जॅक्सनची सही आहे. जॅक्सनला लिहिता-वाचता जवळजवळ येत नसे, त्यामुळे त्याची सही अतिदुर्मिळ. हे चित्र २०२१ साली साडेचौदा लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेले.

पैशाची अपेक्षा न धरता चालणारे कामही ह्या क्षेत्रात पुष्कळ आहे, आणि आम्हांस त्याचेच अधिक कौतुक वाटते. बेसबॉलच्या इतिहासाचे संशोधन करणारी एक संस्था अमेरिकेत १९७१ पासून आहे. तिच्या चित्रसमितीतील सभासदांनी काँग्रेसच्या ग्रंथालयातील बेनच्या काचा तपासून २००६ साली कित्येक चित्रांची नावे व वर्षे दुरुस्त करून दिली. त्या काळी खेळाडूंच्या पाठीवर अंक नसत. न्यूयॉर्क व क्लीव्हलंड ह्या संघांनी ते १९२९ साली कायमचे आणले. म्हणून गडी ओळखावयाचा तो चेहऱ्यावरून, आणि त्यातही कानावरून. कारण वयाबरोबर गाल व केस बदलतात, कानाची घडण फारशी बदलत नाही. वर्ष ठरते ते गणवेशावरून. मार्क ओकोनन नावाच्या गृहस्थाने जुनी चित्रे चाळून विसाव्या शतकातील प्रत्येक संघाचा प्रत्येक वर्षाचा पोशाख चितारून काढला आणि १९९१ साली त्याचे पुस्तक केले, ते ह्या कामी कोशासारखे वापरतात. न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाने १९०५ च्या अंतिम सामन्यांत काळे कपडे घातले होते, आणि पुन्हा १९११ च्या अंतिम सामन्यांत घातले. तेव्हा काळ्या कपड्यांतील चित्र ह्या दोहोंपैकी कोठले, हे पाहावयाचे असल्यास मागची प्रेक्षकांची सज्जा पाहावी. पोलो ग्राउंड्स मैदानाची जुनी सज्जा एप्रिल १९११ मध्ये जळाली व नवी बांधली गेली. अशा रीतीने एखादी भिंत, एखादी जाहिरात, सावलीची लांबी, ह्यांवरून तारीख काढतात. २००८ च्या जानेवारीत ग्रंथालयाने बेनची चित्रे आंतरजालावर सर्वांस खुली केली, तेव्हापासून ह्या कामास परक्या देशांतील अनोळखी लोकांचेही हात लागले आहेत.

हे सर्व झाले ते ज्यांची चित्रे काढण्याची कोणास तरी गरज वाटली त्यांच्याविषयी. कृष्णवर्णीय खेळाडूंस मोठ्या संघांनी १८८० नंतरच्या काळापासून १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत दारातच अडवले, आणि जेथे खेळाडूच नव्हता तेथे त्याचे चित्र तरी कोठून येणार? ओबर्लिन कॉलेजच्या संघाचे १८८१ सालचे एक छायाचित्र आहे, त्यात फ्लीट वॉकर व त्याचा भाऊ वेल्डी हे दोघे गोऱ्या सोबत्यांत बसलेले दिसतात. फ्लीट वॉकर १८८४ साली टोलीडोच्या मोठ्या संघात खेळला. त्यानंतर साठाहून अधिक वर्षे मोठ्या संघांच्या एकाही चित्रात असा चेहरा नाही. कृष्णवर्णीयांचे स्वतःचे उत्कृष्ट संघ होते, पण बेन व कॉनलन ज्या मैदानांवर जात तेथील खेळाचा तो भाग नव्हता.

ही उणीव अंशतः भरून काढली ती पिट्सबर्गच्या चार्ल्स हॅरिस ह्याने. लोक त्यास ‘टीनी’ म्हणत. १९०८ साली तो जन्मला. तरुणपणी पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हा संघ उभा राहत असताना तो स्वतः त्यात खेळला होता. पुढे तो ‘पिट्सबर्ग कुरिअर’ ह्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार झाला, आणि जॉश गिब्सनसारख्या ज्या महान खेळाडूंस मोठ्या संघांत कधीच प्रवेश मिळाला नाही, त्यांची चित्रे त्याने घेतली. खेळाडूंबरोबर त्याने लग्ने, शाळा, दुकाने, मिरवणुकी व आपल्या वस्तीतील रस्तेही टिपले. शहराच्या महापौराने त्याचे नाव ‘एकाच चित्रात काम उरकणारा’ अशा अर्थाचे ठेवले होते. तो एकदाच कळ दाबी व निघून जाई. १९९८ साली तो वारला. त्याची सुमारे ऐंशी हजार निगेटिव्ह २००१ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी कलासंग्रहालयाने घेतली. त्यांतील बहुतेकांवर ना नाव होते ना तारीख. तेव्हा संग्रहालयाने चित्रे भिंतींवर लावली आणि त्या वस्तीतील वृद्ध माणसांस ती पाहावयास बोलावले. ती मंडळी चित्रांपुढे उभी राहून, हा माझा मामा, ही आमची शिक्षिका, हा अमुक संघाचा गडी, असे एकेक नाव सांगू लागली, आणि शेजारी बसलेले लोक ती लिहून घेऊ लागले.